तीन नंबर प्रेसची पाचर

हिंदुरावाचं नाव काढलं की अंबरनाथच्या त्या पत्र्याची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात माणसं तोंड फिरवत. एकोणऐंशी साली तो साताऱ्याकडून आला आणि देखभाल खात्यात फिटर म्हणून चिकटला. हाताला यश होतं, पण जिभेला काटे होते. कोणाच्या लग्नाला त्याला बोलावणं नसे आणि बोलावलं असतं तरी तो गेला नसता.

लोकांचा राग नुसत्या जिभेवर नव्हता. प्रेसला दोन बटणं होती. दोन हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खालच्या साच्यावर, म्हणजे डायवर आदळे, म्हणजे त्या वेळी दोन्ही हात बाहेरच असत. पण कामगार डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकून ते दाबलेलंच ठेवत आणि एका हाताने मशीन चालवत. हिंदुराव फेरीवर आला की पकडीने पाचरी उपटे, वहीत नावं लिही आणि ती वही वर्क्स मॅनेजर हेमचंद्र साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवी. मग मेमो निघत. "साहेबानं कुत्रं पाळलंय," असं लोक त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. तो मागे वळून बघत नसे.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये तीन नंबरच्या प्रेसवर जनूच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. जनू बदलापूर गावातला, शेती सांभाळून पाळी करणारा. तासाभरापूर्वीच हिंदुरावाने त्याची पाचर उपटून नाव लिहिलं होतं. पाठ फिरताच जनूने दुसरी ठोकली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी हिंदुरावाला केबिनमध्ये बोलावलं. जनूला निलंबित करून त्याच्यावर चौकशी बसवली होती.

"तुमची वही जपून ठेवा," साहेब म्हणाले. "तीच आपल्याला वाचवणार आहे."

"आपल्याला म्हणजे कोणाला, साहेब?"

"कंपनीला. अजून कोणाला?"

हिंदुरावाचं डोकं तापलं. राग नेमका कोणाचा आलाय, तेच त्याला उमगत नव्हतं. त्या संध्याकाळी तो बदलापूर गावात गेला. जनूची बायको अंजनी दारातच उभी होती.

"कशाला आलास? नावं लिवाला?"

तो उत्तर न देता आत शिरला. जनू भिंतीला टेकून बसला होता, हात पांढऱ्या पट्टीत.

"पाचर का ठोकलीस?" हिंदुरावाने विचारलं. विचारलं कसलं, खेकसलाच.

जनूने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आठ वरसं उपटतस. आज इचारतस."

"आज विचारतोय ना. सांग."

"झाकान डायला चिकटतं. दोन हात बटनावर गेले तं ते कोन काढील, तुजा बाप? शिफ्टला दोन हजार नग मांगतात. ती बटनं पन खांद्याच्या वर हायत, दुपारपोत हात लाकूड होतात. आता जा."

अंजनीने पाण्याचंही विचारलं नाही. हिंदुराव स्टेशनपर्यंत चालत आला, वाटेत स्वतःलाच शिव्या देत. आठ वर्षं तो फक्त बटणाकडे बघत आला होता. बटणासमोर बसलेल्या माणसाकडे त्याने कधी मान वळवून बघितलं नव्हतं.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असे. देखभालीच्या नावाखाली तो आत आला, तीन नंबर प्रेसच्या स्टुलावर बसला आणि झाकणं काढायला लागला. पहिली शंभर नियमात निघाली. दोनशेच्या आसपास खांदे भरून आले. प्रत्येक झाकण चिकटत होतं, प्रत्येक वेळी हात बटणावरून काढून डायमध्ये घालावा लागत होता. तिसऱ्या शेकड्यात केव्हातरी त्याचं लक्ष खाली गेलं. त्याच्या डाव्या हातात लाकडाचा तुकडा होता. तो कधी उचलला, ते त्याला आठवेना. तरी त्याने तो बटणात ठोकला आणि पुढची पन्नास झाकणं एका हाताने काढली. काम भलतंच सोपं झालं.

पुढचे तीन शुक्रवार तो तिथेच होता. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये दौलतराम नावाच्या सिंधी कारागिराकडून त्याने पत्र्याची घसरगुंडी वाकवून घेतली. कॉम्प्रेसरपासून तांब्याची बारीक नळी ओढली. ठोकळा वर गेला की नळीतून हवेचा फटकारा बसे आणि झाकण उडून घसरगुंडीवरून पेटीत पडे. बटणं त्याने कोपराच्या उंचीवर आणली. हात आत घालायचं कारणच उरलं नाही.

हेमचंद्र साहेबांनी ते उभ्या उभ्या बघितलं.

"तुम्हाला मशीन दुरुस्त करायला ठेवलंय, हिंदुराव. सुधारायला नाही."

"साहेब, तुम्ही एक शिफ्ट या स्टुलावर बसून बघा."

"काढा हे. आजच्या आज. आणि मशीन सदोष आहे असं चौकशीच्या आधी कोणाजवळ बोललात तर माझ्याशी गाठ आहे."

युनियनचा बुधाजी तरी समजून घेईल, असं हिंदुरावाला वाटलं होतं. बुधाजीने नळी बोटाने टिचकावून बघितली. "आज हवेनं झाकण उडवलंस. उद्या त्याच हवेनं माणूस उडवशील. किती जणांच्या नोकरीवर कुऱ्हाड आणणार आहेस?"

हिंदुरावाने नळी काढली. खोलताना पाना इतक्या जोरात फिरवला की नट चिरला.

चौकशीत त्याला साक्षीला बोलावलं. त्याने वही टेबलावर ठेवली.

"यात आठ वर्षांची नावं आहेत," तो म्हणाला. "बारा प्रेसवर बसलेला एकही माणूस यातून सुटलेला नाही. सगळेच नालायक असतील तर सगळ्यांना काढा. नसतील तर मशीनकडे बघा. आणि माझंही नाव घाला. मीही पाचर ठोकली."

हेमचंद्र साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

जनूला परत घेतलं, पण गेटवर, वॉचमन म्हणून. हिंदुरावाला परवानगीशिवाय मशीनला हात लावल्याबद्दल चार्जशीट मिळाली आणि त्याची मागच्या कॉम्प्रेसर शेडमध्ये रवानगी झाली. वर्षभराने आठ नंबरवर आणखी एकाचा पंजा थोडक्यात वाचला, सरकारी तपासणी आली, आणि महिनाभरात बाराही प्रेसवर हवेच्या नळ्या लागल्या. माणूस एकही कमी झाला नाही. पाहुणे आले की हेमचंद्र साहेब त्यांना नळ्या दाखवत. एकदा मुंबईच्या हॉटेलात उद्योजकांच्या सभेत त्यांनी भाषणही केलं, की आधी काम करणारा माणूस बघा, मग मशीन बघा. बुधाजीने त्या भाषणाचं पेपरातलं कात्रण शेडमध्ये आणून दाखवलं. हिंदुरावाने त्या कागदाला हात पुसले.

तोंडाने तो होता तसाच राहिला. फरक एवढाच, की दुरुस्तीला बोलावणं आलं की हत्यारं काढण्याआधी तो मशीनवरच्या माणसापुढे उकिडवा बसे आणि दरडावून विचारी, "तुला त्रास काय होतो, ते आधी सांग." लोक वैतागत, पण सांगत.

जनू गेटवर त्याची पिशवी तपासताना मान वर करत नसे. पंच्याण्णव साली एका दुपारी गेटवर दोघंच होते. हिंदुराव थांबला.

"त्या दिवशी पाचर उपटताना मी विचारलं असतं, तर सांगितलं असतंस?"

जनूने पिशवी बंद करून त्याच्या हातात दिली.

"तुला? नाय," तो म्हणाला आणि गेट उघडलं.