चष्म्याची पाळी

सुकिनेमसारखी मेणाची बारीक रेघ आमच्या बाटिकच्या कारखान्यात कुणालाच जमायची नाही. जावातल्या सोलो शहरातले व्यापारी तिचं काम नावानिशी मागायचे. पण डोळे दगा देऊ लागले, तशी मालकीण म्हणाली, "चष्मा घे, नाहीतर तुला जाडं काम देईन." जाड्या कामाला मजुरी निम्मी, आणि घरी दोन मुली. चष्मा हवाच होता.

आम्हा बायकांचं अरिसान होतं. दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची, जिची चिठ्ठी निघेल तिने सगळे पैसे न्यायचे. पहिलीच चिठ्ठी सुकिनेमची निघाली! चष्मा येऊन वर मुलींना कापडही आलं असतं. पण आमच्यातल्या पोनियाहचे दिवस भरलेले, घरात दमडी नाही.

"तू घे गं," सुकिनेम म्हणाली. "मी शेवटी घेईन. पैसे काय पळून जातायत?"

मी डोळे वटारले, पण माझं ऐकतंय कोण!

त्या वर्षात मजुरी दोनदा वाढली. आम्ही खुळ्या, मालकिणीला दुवा देत बसलो. तांदूळ मात्र मजुरीच्या पार पुढे निघून गेला. हातात नोटांची चळत आणि चुलीवर पातळ पेज, अशी गत. अरिसानची रक्कम आम्ही वाढवलीच नाही. एकदा ठरलेलं बदलणं म्हणजे बेइमानी वाटायची.

शेवटी सुकिनेमची पाळी आली. मी तिच्यासोबत चष्मेवाल्याकडे गेले. त्याने नोटा मोजल्या आणि खाली बघत म्हणाला, "बाई, एवढ्यात नुसती चष्म्याची डबी येईल."

"अहो, पण ठरलेले सगळे आहेत!" सुकिनेम म्हणाली. " एक नोट कमी नाही."

त्याने नोटा परत तिच्या हातात ठेवल्या.  वाटभर मी शिव्या घालत होते. कुणाला, देव जाणे. दुसऱ्या दिवसापासून ती जाड्या कामाला बसली.

पुढच्या बैठकीला पोनियाह आली ती कडेवर पोर आणि डोक्यावर तांदळाची पिशवी घेऊन.

"पैशाचं अरिसान बास झालं," ती म्हणाली. "आता तांदूळ टाकायचा. पहिल्या दोन पाळ्या सुकिनेम म्बाक्यूच्या, चिठ्ठी न काढता. ह्या थोरल्या बहिणीचे मी तेव्हा पैसे नेले नव्हते गं, डोळे नेले होते."

सगळ्यांनी तांदूळ आणला. दोन महिन्यांचा तांदूळ विकून चष्मा आला.

तो लावून सुकिनेमने आधी पोनियाहचं पोर मांडीवर ओढलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"अगं बाई," ती म्हणाली, "ह्याच्या गालावर तीळ आहे!"