आतोबांचा शिट्टीवाला

झाशीच्या इतिहासात किल्ल्यावरच्या तोफांनंतर सर्वांत मोठा आवाज कोणी केला असेल, तर तो माझ्या आतोबांनी. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पुण्याकडची माणसं हा शब्द ऐकून हसतात. पण आमची घराणी पेशव्यांच्या काळात इकडे आली तेव्हा जे शब्द पेटाऱ्यात भरून आणले, ते आम्ही अजून पुरवून पुरवून वापरतो. बाकीचं मराठी संपत आलंय. 'चाय पिऊन जा' आणि 'भैया, जरा पंखा चालव' असल्या वाक्यांवर आमचा महाराष्ट्र तगून आहे. तर अशा घरातला, संध्या करणारा, एकादशीला साबुदाण्याखेरीज तोंडात काही न घालणारा हा माणूस रविवारी दुपारी सीपरी बाजारातल्या आपल्या वरच्या खोलीत परदेशी रॉकच्या जुन्या रेकॉर्डी अशा काही लावत असे, की खालच्या किराणा दुकानातल्या बरण्यांची झाकणं वाजू लागत. दुकानदार मोठा सज्जन. गिऱ्हाईक दचकलं की तो डाळ तोलता तोलता सांगे, "घबराइए मत, ऊपर पंडितजी का संगीत चल रहा है."

हे खूळ लागलं झाशीजवळच्या बबीन्याला, लष्करी छावणीच्या गावात. आतोबा बँकेत होते आणि तरुणपणी तिथल्या शाखेत रोज बसने जात. तिथल्या एका फौजी साहेबाची बदली कुठल्याशा उंच डोंगरावर झाली. जाताना त्याने रेकॉर्ड प्लेअर आणि पेटीभर रेकॉर्डी या शांत, कपाळाला गंध लावणाऱ्या बँकबाबूच्या स्वाधीन केल्या. "रख लीजिए, वहाँ ऊपर इन्हें कौन सुनेगा," म्हणाला. आतोबांना वाटलं, सतार-सरोद असेल. नुकतंच लग्न झालं होतं. आत्या सांगते, "मी स्वयंपाकघरात होते. एकदम असा खडखडाट झाला की मला वाटलं भांड्यांची मांडणी कोसळली. धावत आले तर मांडणी जागेवर, आणि हे भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, ह्यांना काही झालं." इथे ती जरा थांबते आणि म्हणते, "झालंच होतं."

आतोबांचं इंग्रजी बँकेचं. त्यामुळे गाण्यांचे अर्थही ते बँकेच्याच वळणाने लावत. एक गायक एका गाण्यात फार आर्त ओरडतो. मी विचारलं, "आतोबा, हा काय म्हणतोय?" त्यांनी नीट कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, "शब्द कळत नाहीत रे, पण याचा कुठला तरी अर्ज नामंजूर झालेला दिसतो." बँकेत चेकांवर शिक्के मारताना ते ड्रमचे तुकडे वाजवत. उजव्या हातात शिक्का, डाव्या हाताने टेबलावर ठेका. बडा बाजारातले व्यापारी दुसरी रांग रिकामी असली तरी यांच्याच रांगेत उभे राहत, आणि एकदा एका म्हाताऱ्या शेठजींनी पैसे घेतल्यावरही जागा सोडली नाही. "बाबूजी, वो वाला एक बार और," म्हणाले.

गणेशोत्सवात मराठी मंडळींचा कार्यक्रम असतो. दरवर्षी नाट्यसंगीत किंवा भावगीतं. एका वर्षी गायिकेचा घसा बसला आणि आयत्या वेळी आतोबा म्हणाले, "मी काहीतरी ऐकवतो." त्यांनी ऐकवलं ते एका जाहीर कार्यक्रमातलं एकट्या ड्रमचं वादन. ते संपेचना. पुढच्या रांगेतल्या नऊवारीतल्या काकूंनी आधी कानांवर पदर घेतला, मग पदर काढला, मग मान डोलावू लागल्या. शेवटी त्या जाहीरपणे म्हणाल्या, "हे आपले ताशेच की! पण माणूस कष्टाळू आहे हो." आतोबांना याहून मोठं समीक्षण कधी मिळालं नाही. ते अजून आल्यागेल्याला सांगतात.

पण त्यांची खरी भक्ती नुसत्या गाण्यावर नव्हतीच. ती होती लोकांसमोर झालेल्या कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांवर. स्टुडिओत बसून केलेला अल्बम त्यांना पटत नसे. "तो लग्नातला फोटो," ते म्हणत. "सगळे ताठ बसलेले. लाइव्ह म्हणजे खरं लग्न. कोणी रुसलंय, कोणाचं पोर रडतंय, भटजी मंत्र विसरलेत, आणि तरी लग्न लागतंय!" तार तुटली, गायक ओळ विसरला, माईक किंचाळला, की यांचा चेहरा उजळे. दोन तबकड्यांची एक रेकॉर्ड त्यांची सर्वांत लाडकी. तिच्यात दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत, डावीकडे मागून, गर्दीतला कोणीतरी एक लांब शिट्टी मारतो. आतोबांना गायकापेक्षा तो शिट्टीवाला जवळचा वाटे. तो गरीब घरचा असावा, लांबून बस बदलत आला असावा, खिशात परतीचं तिकीट असावं, असं सगळं त्यांनी ठरवून टाकलं होतं. शिट्टीच्या आधी ते बोट वर करत आणि शिट्टी वाजली की हळूच म्हणत, "आला."

या सगळ्याला जन्मभर विरोध करणारा एकच माणूस होता, तो म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले होमिओपॅथीचे डॉक्टर. अस्सल बुंदेलखंडी, पांढऱ्या मिशा, बोलणं अदबीचं. त्यांचं म्हणणं असं, की कलाकाराने महिनोन्महिने घासूनपुसून जे हाती दिलं तेच त्याचं खरं. "पंडितजी, आप हमको दवाई ठीक से बनाकर दें, यह चाहिए, या बनाते समय जो छींक आई वह भी पुड़िया में चाहिए?" दर रविवारी ते येत, आतोबांच्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसत, एकच गाणं आधी स्टुडिओतलं आणि मग कार्यक्रमातलं लावलं जाई, आणि त्यानंतर जे भांडण पेटे ते आत्याने तिखट-मिठाच्या पुऱ्या आणेपर्यंत. दोघांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुपही होता, दतिया, ग्वाल्हेर, बबीना इथले चार-दोन शौकीन त्यात. पण बाकीचे फक्त वाचत. युद्ध या दोघांचंच.

मी या मैफलीत आलो तो नाइलाजाने. दिल्लीकडे माझी नोकरी होती, कंपनी बंद पडली आणि मी पस्तिशी ओलांडून आईवडिलांच्या घरी परत आलो. आमचं गाव प्रेमळ, पण प्रेमाने माणसाला सोलून काढतं. भाजीवाल्यापासून नातलगांपर्यंत सगळे एकच विचारत, "तो अब क्या सोचा है?" मी घराबाहेर पडणं सोडलं. एका रविवारी आईने डबा देऊन आत्याकडे पाठवलं. आतोबांनी दार उघडलं, माझ्याकडे नीट पाहिलं. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. ते म्हणाले, "बरं झालं आलास. डॉक्टर म्हणतात या गाण्यात शेवटची गिटार उगीच लांबवलीय. तू बैस आणि प्रामाणिकपणे सांग." त्या दिवशी कित्येक महिन्यांत प्रथमच कोणीतरी माझं मत विचारलं होतं, आणि ते माझ्याविषयी नव्हतं. मी डॉक्टरांच्या बाजूने मत दिलं. आतोबा म्हणाले, "पुढच्या रविवारी परत ऐक, सुधारशील." मी वर्षभर दर रविवारी सुधारायला जात राहिलो. पुढे इथेच एका कोचिंगमध्ये संगणक शिकवायचं काम मिळालं, तेही त्यांनी कधी विचारलं नाही. मीच सांगितलं, तर म्हणाले, "रविवार मोकळा आहे ना?"

आणि मग तो कडाक्याच्या थंडीतला रविवार आला. डॉक्टरांनी मोबाइलवर कुठेतरी काहीतरी वाचलं होतं. लाडकी रेकॉर्ड लागली, बोट वर झालं, शिट्टी वाजली, आतोबा "आला" म्हणाले, आणि डॉक्टर मिशीवरून हात फिरवत बोलले, "पंडितजी, बुरा न मानें तो एक बात कहूँ. ये तालियाँ, ये सीटी, सब बाद में स्टूडियो में जोड़ी गई हैं. ऐसा लिखा है. वो सीटी वाला वहाँ था ही नहीं."

आतोबांनी सुई उचलली. खालच्या दुकानातला तराजू ऐकू आला. ते उठून उभे राहिले आणि त्यांच्या हिंदीत म्हणाले, "डॉक्टर साहब, इतने साल आपने मेरे गाने को बुरा कहा, मैंने चाय पिलाई. आज आपने मेरे घर में बैठकर मेरे आदमी को झूठा कहा." डॉक्टरही मानी. त्यांनी मफलर गुंडाळला आणि जिना उतरले. पुऱ्या तशाच राहिल्या.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. ग्रुपवर 'सुप्रभात'सुद्धा येईना. आतोबा गल्लीच्या दुसऱ्या टोकाने, उकिरड्याजवळून फिरून बाजारात जाऊ लागले, म्हणजे दवाखाना वाटेत येऊ नये. रविवारी मी एकटा जात असे. रेकॉर्ड लागे, पण बोट वर होत नसे.

होळी झाल्यावर एका सकाळी आतोबा उठले तर डाव्या कानाने काही ऐकू येईना. दुखणं नाही, पडणं नाही, नुसता कान बंद. हट्टी माणूस. म्हणाले, "सर्दी असेल, उतरेल." आत्याने मला फोन केला आणि मी पोचायच्या आत कोणालाही न विचारता दुसरा फोन दवाखान्यात केला. मी जिना चढलो तेव्हा डॉक्टर अर्ध्या दाढीला साबण लावलेल्या अवस्थेत समोर उभे होते. आतोबा म्हणाले, "दो गोली दे दीजिए, ठीक हो जाएगा." जन्मभर गोळ्या देणारे डॉक्टर जवळजवळ ओरडलेच, "यह मेरी गोलियों का काम नहीं है! इसमें देर नहीं करते. कपड़े पहनिए." आणि त्यांनी स्वतः गाडी ठरवून आम्हाला ग्वाल्हेरच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. दतिया येईपर्यंत त्यांच्या गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता, आणि तो पुसावा हे आम्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

इंजेक्शनं झाली, औषधं झाली. कान मात्र परत आला नाही.

घरी आल्यावर कितीतरी दिवस आतोबांनी रेकॉर्डीवरची धूळसुद्धा पुसली नाही. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, "ऐकू येतं रे, उजव्याने येतं सगळं. पण कोण कुठे उभा आहे ते कळत नाही. आधी ड्रमवाला मागे, गिटारवाला डावीकडे, लोक चहूकडे. मी मैदानात बसलेला असायचो. आता सगळे एकाच दारातून, जनरल डब्यात घुसल्यासारखे येतात. आणि मी बाहेर." असं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी खाली दवाखान्यात जाऊन जे घडलं ते डॉक्टरांना सांगितलं.

पुढच्या रविवारी डॉक्टर आले. न विचारता आपल्या जुन्या खुर्चीत बसले, रेकॉर्ड लावायला मला खुणावलं, आणि आतोबांचं डावं मनगट आपल्या हातात घेतलं. आतोबांना वाटलं नाडी बघताहेत. पण गाणं सुरू झालं आणि डावीकडची गिटार आली तशी डॉक्टरांची बोटं त्या मनगटावर चालू लागली. उजवीकडचं काही वाजलं की बोटं थांबत, डावीकडचं आलं की परत चालत. इतकी वर्षं ज्या कार्यक्रमांना ते 'शोर' म्हणत होते, त्यांतला स्वर न् स्वर त्यांना पाठ होता. आतोबांनी डोळे मिटले. मध्यावर ते म्हणाले, "डॉक्टर साहब, आप आधी मात्रा पीछे हैं." "आप आगे हैं," डॉक्टर म्हणाले. मग मधली शांतता आली, मनगटावर एक लांब, हलकी रेघ ओढली गेली, आणि आतोबांना शिट्टी कळली.

गाणं संपल्यावर डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, "मैंने फिर से सुना, पंडितजी. सीटी असली है. लिखने वाले कुछ भी लिखते हैं."

"नहीं," आतोबा म्हणाले. "मैंने भी सुना. रूठकर घर में बैठा था तो वही सुनता रहा. दोन ठिकाणी एकच शिट्टी आहे, हुबेहूब. बाद में जोड़ी है. आप सही थे."

"कैसे सही था? मैं कह रहा हूँ असली है!"

"और मैं कह रहा हूँ नकली है! माझा माणूस, मला माहीत नाही?"

आणि दोघे एकमेकांची बाजू घेऊन असे कडाडून भांडले, की खालचा दुकानदार वर येऊन पाहून गेला. आत्याने पुऱ्या आणल्या. तिचे डोळे ओले होते आणि ती म्हणाली की मिरच्या तिखट आहेत.

आता ही गोष्ट नेमाची झाली आहे. मागच्या महिन्यात डॉक्टर मुलीकडे भोपाळला गेले होते. रविवारी मी गेलो तर रेकॉर्ड चालू होती आणि आत्या त्या खुर्चीत बसली होती. जिने आयुष्यभर या संगीताला खडखडाट म्हटलं, तिने आतोबांचं मनगट धरलं होतं आणि बोटांनी जे मनाला येईल ते वाजवत होती. तिला डावं-उजवं कळत नव्हतं, गिटार आणि ड्रम यांतला फरकही ठाऊक नव्हता. मधूनच तिचा आरतीचा ठेका लागे. मी दारातच थांबलो. अर्ध्या मात्रेसाठी मित्राला अडवणारा हा माणूस आता काय म्हणणार, म्हणून पाहत राहिलो.

गाणं संपलं. आत्याने घाबरत विचारलं, "अहो, बरोबर होतं का?"

आतोबा डोळे न उघडता म्हणाले, "अगदी बरोबर. दुसरी बाजू लाव."