फणसोंब्याचा राखणदार

"घरात तान्हं पोर हाय?" म्हातारा पहिलं हेच विचारायचा. नाही म्हटलं की कोयता पाठीमागे जायचा आणि पुढचा सवाल यायचा, "मग कोनी धाडलं तुला?"

मी शहापूरच्या एका कॉलेजात झाडांवरच्या बुरशीचे नमुने सांभाळते. आणायचे, वाळवायचे, पाकिटात घालायचे, वर लेबल: झाड, गाव, तारीख. खर्डीजवळ म्हाताऱ्याच्या परसात फणस होता आणि त्याच्या खोडावर फणसोंबा, म्हणजे लाकडासारखं टणक अळंबं. तान्ह्याचं तोंड आलं की उगाळून लावतात. गावात कुणाचं पोर दूध पिईना झालं, तर म्हातारा स्वतः तुकडा पोचवायचा. मला मात्र नखाएवढा देईल तर शपथ!

त्याच्या संशयाला कारण होतं. त्याच्या मुलाला परसाची जागा बंगलेवाल्याला विकायची होती आणि फणस मधे येत होता. झाड रोगट आहे असं कुणा शिकलेल्यानं लिहून दिलं, की तोडायची परवानगी सोपी.

"रोग नाय तो, औषद हाय," म्हातारा म्हणायचा. खरं तर दोन्ही होतं. पण ते त्याच्या तोंडावर सांगायची माझी काय टाप!

तुम्ही म्हणाल, गोड बोलून काम काढायचं. केलं की तेही! चहा प्यायले, गुडघेदुखीची चौकशी केली. म्हातारा खूश. निघताना त्यानं माझी पिशवी ओट्यावर उलटी केली. डबा, छत्री, कंगवा, सगळं बाहेर. "रागावू नको गो बाय," म्हणत कंगवा धोतराला पुसून परत दिला. चिडावं की हसावं, कळेना.

एकदा जरा पाघळला. "नेतेस तर ने. पन आमचं गाव नको, किन्हवली लिव."

"खोट्या लेबलापेक्षा रिकामं पाकीट बरं," मी फणकारले.

"मग रिकामंच ने."

पुढे एक दिवस मुलगाच कॉलेजात हजर. "मॅडम, आमच्या फणसाला रोग आहे, तसा दाखला मिळेल?"

म्हाताऱ्याचा सगळा संशय मला तिथल्या तिथे पटला. "तुमच्या झाडाचा नमुनाच नाही आमच्याकडे," मी म्हटलं. म्हाताऱ्याच्या कृपेनं ते खरंही होतं. त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला.

यंदा होळीनंतर म्हातारा गेला. महिना उलटायच्या आत मुलाचा फोन. "झाड पाडलं, मॅडम. या, पायजे तेवढं न्या. आता कोन आडवायला नाय."

गेले. आडव्या खोडावरून हवा तेवढा तुकडा काढला. लेबलवर झाड, गाव, तालुका, सगळं खरं लिहिलं. किती वर्षं हवा होता मला तो नमुना. पाकीट बंद करताना रडू आवरेना.