झोपेतही हसल्यागत

कोरेगावच्या कचेरीसमोर लिंबाखाली दस्तगीर मुनशी इंग्रजी अर्ज लिहीत बसायचे. तरुणपणी पलटणीत कारकुनी करताना एका गोऱ्या कॅप्टनानं त्यांना बजावलं होतं, ‘सॉर्ट ऑफ’, ‘अ बिट ऑफ’ ही बोलण्यातली भाषा, कागदावर आणायची नाही. मुनशींनी ते कसोशीनं पाळलं.

चव्वेचाळीस साली अंबूबाई आली. तिचा मुलगा नाथाजी ब्रह्मदेशच्या लढाईत बेपत्ता झाला होता आणि लष्करानं त्याचं वर्णन मागवलं होतं.

“कसा दिसायचा, मावशी?”

“दिसायचा नगा म्हनू, दिसतो म्हना. हसल्यागत दिसतंय बगा पोर. झोपंत बी.”

‘हसल्यागत’ लिहायचं तर ‘सॉर्ट ऑफ’ आलंच असतं, म्हणून ते गाळून मुनशींनी लिहिलं, मध्यम उंची, सावळा वर्ण. उत्तर आलं, एवढ्यावरून ओळख पटत नाही.

“मी सांगितल्यालं लिवलं व्हतं न्हवं?” अंबूबाईनं विचारलं. मुनशींची मान खाली गेली.

कॅप्टनानं आणखी एक सांगितलं होतं. बोलण्यातला शब्द टळतच नसेल, तर तो कुणाचा ते लिहावं आणि अवतरणचिन्हांत ठेवावा. मुनशींनी नवा कागद घेतला. त्याची आई म्हणते, ‘ही हॅज अ सॉर्ट ऑफ स्माइल, ईव्हन इन स्लीप.’ त्यांनी अर्थ सांगितला, तशी ती फुलली. “व्हय, त्योच ह्यो!”

दिवाळीनंतर उत्तर आलं, सोबत एक ताईत. आसामातल्या इस्पितळात एक अनोळखी जवान शुद्धीवर न येताच वारला होता. बेशुद्धीतही तो हसल्यागत दिसायचा, म्हणून नर्सच्या ध्यानात राहिला होता. गळ्यातला ताईत तिनं जपून ठेवला होता.

अंबूबाईनं ताईत ओळखला. रडली नाही. उठता उठता एवढंच म्हणाली, “तुमी ते लिवलं नसतं, तर माजा नाथा अजून कुटंतरी असता.”

तेव्हापासून कधीही न पाहिलेला तो चेहरा मुनशींना दिसू लागला. बाजारात बैलगाडीखाली झोपलेल्या गाडीवानात, दर्ग्याच्या ओट्यावर पहुडलेल्या वाटसरूत. एकदा भरदुपारी त्यांची मुलगी परवीन झोपेत हसली, तर त्यांनी धावत जाऊन तिला गदागदा हलवलं.

“आवं, झोपू द्या की पोरीला!” त्यांची बायको अख्तरबी ओरडली.

लढाई संपली. मुनशी अर्ज लिहीतच राहिले. पण कुणी हरवलेल्या माणसाचं वर्णन सांगू लागलं, की त्याला थांबवायचे. “घरी जाऊन इचार करून या. मी लिवलं की माणूस सापडतो.”

लोकांना ती बढाई वाटायची.