शिडीवर दिलेलं पाणी

तुमच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीचा पल्ला आत उघडतो की बाहेर? जागेवरून न उठता सांगता येईल?

बहुतेकांना येत नाही. मला मात्र जळगाव-धुळ्यातल्या कितीतरी घरांचं सांगता येईल, कारण मी शिडीवर चढून काचा पुसतो आणि बाहेर उघडणारा पल्ला थेट माझ्या छातीवर येतो. उंचीला मी घाबरत नाही. घाबरतो ते आतून कडी सरकल्याच्या आवाजाला.

जळगावातल्या एका व्यापाऱ्याच्या बंगल्यावर तो आवाज पहिल्यांदा ऐकला. घरात लग्न होतं, म्हणून सगळ्या काचा चकचकीत हव्या होत्या. पडू नये म्हणून बांधायचा कंबरेचा पट्टा मागितला तर ठेकेदार हसला होता, "दोन मजल्यांना कसला पट्टा? पडलास तरी बागेतच पडशील!" त्या बागेत फरशी होती.

शिडी धरायला नाना होते. माझ्याआधीपासून या कामात असलेले, पारोळ्याकडचे. चढण्याआधी ते खालून ओरडायचे. तसे ओरडले, "अक्का, बठ्ठ्या कड्या लायेल शेतस ना?"

"लावल्या भाऊ, सगळ्या!" घरातल्या आजींनी वरून सांगितलं.

मी चढलो. बादली शिडीला अडकवली, काचेला फेस लावला. ऊन पाठीत घुसत होतं. फेसामुळे आतलं काही दिसत नव्हतं. तेवढ्यात अगदी कानाशी आवाज आला. खट्.

काय होणार ते मला कळलं, पण अंग हलेना. पल्ला छातीवर आदळला. तोल गेला तसा मी हाताला लागलं ते धरलं, आणि हाताला लागला तो पल्लाच. तो बिजागरीवर फिरत बाहेर निघाला आणि मलाही ओढत निघाला. एक पाय शिडीवर, दुसरा हवेत. बादली खाली जाऊन फुटली. आता आपली पाळी, एवढंच डोक्यात होतं.

"पल्ला सोड! गज धर!" नाना खालून किंचाळले.

सोडणं म्हणजे पडणं, असंच वाटत होतं. बोटं उघडत नव्हती. मग गजांमधून एक सुरकुतलेला हात आला आणि त्याने माझं दुसरं मनगट घट्ट धरलं. तेवढ्या आधारावर मी पल्ला सोडला, गज पकडला, पाय शिडीवर टेकवला.

आत आजी रडत होत्या. त्यांच्या पायाशी पाण्याचा पेला लवंडला होता. "इतक्या उन्हात पोरगं काम करतंय, म्हटलं पाणी द्यावं..."

मी खाली उतरलो तेव्हा नानांचे हात शिडीवरून सुटत नव्हते. तरी ते वर बघून म्हणाले, "अक्का, पाणी आते खालेच दे. वर दिधं तं पोरगं परस्पर वरच जाई!"

कोणी हसलं नाही. नानाही नाही.

त्या आजींचा मला राग नाही. दारी आलेल्याला पाणी विचारायचं, हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. राग आहे तो एका म्हातारीच्या मनगटावर माझा जीव टांगणाऱ्या कामाच्या रीतीचा. तो ठेकेदार मी सोडला. आता धुळ्यात काम करतो, पट्टा बांधतो. तरी प्रत्येक काचेशी हात थांबतो, कान आत लागतो. घरात नुसतं कपाट उघडलं तरी मी शिडी घट्ट धरतो.

म्हणून सांगतो. काचा पुसणारा पट्ट्याशिवाय आला, तर त्याला चढू देऊ नका. चढण्याआधी वरच्या खिडक्यांना आतून कड्या लावा, घरातल्या प्रत्येकाला सांगा, आणि तो उतरेपर्यंत एकही कडी काढू नका. पाणी जरूर द्या. शिडीच्या पायथ्याशी द्या.