न चाखलेला ऊस

माणसांपेक्षा साखरेवर जास्त विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या दौंड तालुक्यात एकच, तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणतो. साखर कारखान्याच्या लॅबमधून निवृत्त होऊन त्यांनी भांडगावात गुऱ्हाळ घातलं, आणि उकळत्या काहिलीपुढे उभं राहून येईल त्याला ते रसायनशास्त्र शिकवू लागले. "साखर म्हंजी जोडपं हाय. ग्लुकोज आन् फ्रुक्टोज. हातात हात हाय तवर गूळ घट्ट. ऊस तोडून पडू दिला की जोडपं फुटतं, मग ढेप बसत न्हाई." हे ते लग्नात नवरा-नवरीलाही ऐकवत. पंगतीत जिलेबी आली की आधी तिचा उत्पादनखर्च विचारत. आचारी वैतागला की, "चिपाडावर तळली असती तर सरपण फुकटात पडलं असतं," असं सुचवून चवीनं खात. आत्या म्हणायची, "ह्यांना चहात साखर न्हाई टाकली तरी चालंल, तिच्याविषयी बोलू द्या फक्त."

गुऱ्हाळावर मात्र चेष्टा नसे. आलेला ऊस कांडं मोडून, चाखून घेत. भल्याभल्या बागायतदारांच्या गाड्या त्यांनी माघारी लावल्या. गरम पाक पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळली की काहील कधी उतरवायची ते त्यांना कळे. एक ढेप कधी बिघडली नाही. फक्त माझा ऊस ते न बघता घेत. "घरच्या उसाला काय चाखायचं?"

एका हंगामात इकडे कवठ्याला माझ्या शेतात तोडणी झाली आणि तिकडे रांजणगावच्या कंपनीत मला ओव्हरटाइम लागला. ऊस चार दिवस पडून राहिला. त्यावर पाणी मारून, वर वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, रचून मी तो नेला.

"कवा तोडला रं?"

"आज सकाळी, मामा."

गूळ चिखलासारखा राहिला. मामा बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत होते. "पाक कळंना झाला मला," एवढंच बोलले, आणि पुढच्या हंगामात गुऱ्हाळ दुसऱ्याला चालवायला दिलं. पाक कळत नाही म्हणाले तेव्हा मी शेजारीच उभा होतो. बोललो नाही. नंतर नऊ दिवाळ्या त्यांच्या पाया पडलो, तेव्हाही नाही.

परवा सांगितलं. शिव्या खायच्या तयारीनंच गेलो होतो.

"चार दिस?" मामांनी दोनदा विचारलं. "आन् वर पाणी मारलंस? वजनाला बरं." मग आत्याला हाक मारली, "अगं ऐकलंस का, ऊस शिळा व्हता. माझी बोटं बरोबर व्हती." रस्त्यानं जाणाऱ्या दोघा-तिघांना बोलावून तेच सांगितलं. मला आग्रहानं जेवायला बसवलं. ऐंशीला आलेल्या माणसाला इतकं खूश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी अर्ध्या ताटावरून उठलो. रागावले असते, तर निदान पोटभर जेवलो असतो.