वेबस्टरांची शांता

माजलगावला लेकीकडे होते, तेव्हा फोन आला. "गयामावशी, शांतामावशी गेल्या..." मला आधी रागच आला. अगं, जायचं ते जा, पण मी गावात नसताना? चिंचोके फोडायला बसलो तरी मला सोडून कधी उठली नाहीस, आणि आता एवढी घाई! एसटीत बसले आणि मग रडू आलं, ते शिरूर कासार येईपर्यंत थांबलं नाही. महिना उलटला, तरी तिच्यावरचा राग काही जात नाही.

शांता वेबस्टर हे नाव नवा माणूस हमखास दोनदा विचारायचा. घोंगडी विणणाऱ्यांच्या आमच्या गल्लीत इंग्रजी आडनाव आलं कुठून? फार जुन्या एका दुष्काळात तिच्या पणजोबांचे आईबाप गेले. पोर नगरकडच्या मिशनच्या अनाथाश्रमात पोचलं. त्याला आपलं आडनाव सांगता येईना, म्हणून तिथल्या साहेबानं स्वतःचं दिलं आणि माग शिकवला. मोठेपणी तो आमच्या गावात येऊन राहिला. आडनाव आणि माग दोन्ही पुढे शांताच्या वडिलांपर्यंत, दावीदमामांपर्यंत आले. गल्लीत कुणाला त्याचं काही वाटत नसे. भांडणात मात्र "जा तुझ्या विलायतेला" हे ठरलेलं. शांता म्हणायची, "जाते की, तिकीट काढून दे."

आम्ही विशीत असताना असाच दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, निम्मी गल्ली ऊसतोडीला गेली, आणि त्याच वर्षी दावीदमामांचं अंग लुळं पडलं. आमच्यात बायका लोकर पिंजतात, सूत काततात, ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. पण मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं ते पुरुषानं. बाई बसली तर माग बाटतो म्हणत. शांता एका सकाळी सरळ जाऊन बसली. बापाशेजारी उभं राहून विणायला ती केव्हाच शिकली होती. अडलं लोकरीपाशी. तेव्हा लोकर फक्त विणकरांच्या सोसायटीत मिळायची, तीही सभासदालाच.

सोसायटीचे चेअरमन बाजीरावअण्णा. त्यांच्याकडे आम्ही दोघी गेलो.

"अण्णा, बापाच्या जागी मला सभासद करा."

"बाईमाणूस विणकर नसतंय, पोरी. तू सूत कात."

"कावून नसतंय?"

"आजवर कुणी बाई बसली का खड्ड्यात?"

"मी बसली हाय की."

अण्णा हसले. लोकर काही मिळाली नाही.

बीडला दावीदमामांच्या ओळखीचे एक म्हातारे पाद्री राहायचे. शांता त्यांच्याकडे शब्द टाकायला गेली आणि भलतंच घेऊन आली. पाद्रीबाबांनी सांगितलं, वेबस्टर म्हणजे साहेबाच्या मुलखातल्या जुन्या बोलीत विणकर. आणि आधी म्हणे ते नाव विणणाऱ्या बाईचंच होतं. पुढे पुरुष त्या धंद्यात आले, तेही तेच म्हणवून घेऊ लागले आणि मग ते घराण्याला चिकटलं. म्हणजे साहेबाची कुणी खापरपणजी मागावर बसत असणार! मला भारी मौज वाटली. शांता मात्र इरेला पेटली.

सोसायटीच्या सभेत उभी राहून तिनं हे सगळं सांगितलं. मागून कुणी ओरडलं, "ते तिकडचं झालं, हितलं बोल!"

"हितलं दावते," ती म्हणाली. "घरात एका घोंगडीपुरतं सूत हाय. ती विणते. तिच्यातून पाणी गळलं तर माग मोडून चुलीत घालते."

मी तिचा पदर ओढला, पण ऐकते कुठली? घोंगडी विणून झाली त्या दिवशी सगळी गल्ली दारात. चौघांनी चार टोकं धरली आणि अण्णांनी मध्ये तांब्याभर पाणी ओतलं. "दुष्काळात पाणी सांडता व्हय!" एक म्हातारी करवादली. पण सांडलं कुठं? अण्णा वाकून खालची माती बघत राहिले. माती कोरडीच होती.

त्या दिवशी लोकर मिळाली, पुढे सभासदत्वही. पण विणकर असं तिला कुणी म्हटलं नाही. "दावीदची पोर" म्हणायचे, फार तर "ती मागावर बसती ती." शांतानं लग्न केलं नाही, माग सोडला नाही. चिडायची मात्र. "गये, मेल्यावर तरी म्हनतेल का गं?" एकदा विचारलं होतं तिनं.

आमच्या गल्लीत विणकर वारला की तिसऱ्या दिवसापर्यंत सगळे माग बंद ठेवतात. बाईसाठी कधी ठेवले नाहीत. जन्मभर सूत कातलेल्या माझ्या आईसाठीसुद्धा नाही. त्या दुपारी मी एसटीतून उतरून गल्लीत शिरले, तर कुठल्याच घरातून आवाज नाही. शांताच्या उंबऱ्यावर अण्णा बसलेले, आता पार वाकलेले.

"अण्णा, माग कावून बंद?"

"विणकर गेलं की गल्लीतलं," ते म्हणाले. "बंद न्हाई ठेवायचे?"

तिच्या मागावर अर्धी घोंगडी राहिली आहे. गेल्या आठवड्यापासून त्या खड्ड्यात मी पाय सोडून बसते. जन्मभर नुसतं सूत कातलेले हे हात, पोत वाकडा येतो, धोटा निसटतो. जाणारेयेणारे डोकावतात, कुणी हसतं. हसू देत. मी उठणार नाही.